नकाशा कुणाचा, खूण कुणाची

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये सायकलवरून भटकणाऱ्यांच्या खिशात बहुधा एडिंबरोच्या जॉन बार्थोलोम्यू यांच्या कंपनीचा नकाशा असे. मैलाला अर्धा इंच हे प्रमाण, सखल भाग हिरवा आणि जमीन चढत जाईल तसा रंग तपकिरीकडे झुकलेला. त्यातल्या बऱ्याच नकाशांवर छापलेलं असे की रस्ते ‘सायकलिस्ट्स टूरिंग क्लब’ने तपासलेले आहेत. तपासणारे म्हणजे क्लबचे सभासद, सुटीच्या दिवशी सायकल काढून बाहेर पडणारी हौशी माणसं. रस्ता चांगला की खराब, नकाशात दाखवलाय तसा खरंच आहे का, हे ती पाहत आणि चुका कळवत. कंपनीला फुकटात मोजणीदार मिळाले, क्लबचं नाव नकाशावर झळकलं आणि नकाशाचा हक्क होता तिथेच, म्हणजे कंपनीकडे राहिला. त्या काळी कुणाला यात वावगं वाटलं नाही.

वाटसरूंकडूनच माहिती मागवण्याची युक्ती याहूनही जुनी. लंडनच्या जॉन मरे या प्रकाशकाची प्रवासी हँडबुकं १८३६पासून निघत होती, मुंबई इलाख्यावरचा भाग १८५९ साली आला. चूक आढळल्यास कळवावी, अशी विनंती ही पुस्तकं वाचकांना करत.

सायकलवाल्यांनी मात्र या कामाला शिस्त लावली. हॅरोगेटला १८७८ साली स्थापन झालेल्या या क्लबचे १८९९पर्यंत साठ हजार सभासद झाले होते. सुरुवातीच्या सायकली म्हणजे पुढे छातीएवढं उंच चाक आणि नावापुरता ब्रेक. अनोळखी उतारावर असा स्वार डोक्यावर आपटून मरू शकत असे. म्हणून घातक उतारांच्या माथ्यावर क्लबने स्वतःच्या खर्चाने इशाऱ्याच्या पाट्या लावल्या. रस्त्यावर धोक्याची पाटी लावणं सरकारचं काम आहे, ही कल्पना नंतरची! गावोगावी क्लबचा एक ‘कॉन्सल’ असे. पद भारदस्त, पगार शून्य. बाहेरगावच्या सायकलस्वाराला रस्ता कसा आहे, रात्री कुठे उतरावं, सायकल कोण दुरुस्त करतं, हे सांगायचं त्याचं काम. क्लबने पारखून घेतलेल्या खानावळी-मुक्कामांवर पंख असलेल्या चाकाचं चिन्ह लागे.

अमेरिकेत हीच माहिती जिवावरच्या संकटातून वाचवणारी ठरली. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये राहणाऱ्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या पोस्टमनने १८३६च्या मरेनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९३६ साली, ‘द निग्रो मोटोरिस्ट ग्रीन बुक’ काढलं. कृष्णवर्णीयांच्या हाती मोटारी आल्या होत्या, पण असंख्य हॉटेलांत त्यांना खोली मिळत नसे आणि काही गावांत सूर्यास्तानंतर थांबायची सोय नव्हती. ग्रीनच्या पुस्तकात फारसं वर्णन नाही. गाव, हॉटेल, पत्ता. जिथे हॉटेल नाही तिथे प्रवाशाला खोली देणारं एखादं खासगी घर. पहिली आवृत्ती न्यूयॉर्क परिसरापुरती होती, पुढे ती देशभर पसरली. हे शक्य झालं ते ग्रीनच्या पोस्टातल्या सहकाऱ्यांमुळे आणि पत्रं पाठवणाऱ्या वाचकांमुळे. कोणत्या गल्लीत कोणाचं दार उघडतं, हे पोस्टमनइतकं कोणाला ठाऊक असणार? एसोच्या पेट्रोल पंपांवरही हे पुस्तक मिळे. या यादीतली एक चुकीची नोंद म्हणजे रात्र गाडीत काढणं, किंवा त्याहून वाईट काही. १९६४च्या नागरी हक्क कायद्यानंतर तिची गरज सरत गेली आणि १९६६-६७ची आवृत्ती शेवटची ठरली.

भारतात नकाशा हे पहिल्यापासून सरकारी खातं. सर्व्हे ऑफ इंडियाची सुरुवात १७६७ची. १८०२ साली विल्यम लॅम्ब्टनने मद्रासजवळ पायारेषा मोजून जी त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली, तिच्यातच त्याचं आयुष्य गेलं. १८२३च्या जानेवारीत नागपूरच्या वाटेवर तो हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे आणि वर्धा जिल्ह्याबाहेर फारशी कुणाला माहीत नाही. या खात्याच्या टॉपोशीटवर विहिरी, देवळं, डाकबंगले सगळं असे. अडचण वेगळी होती. सीमेलगतचे आणि किनाऱ्यालगतचे तपशीलवार नकाशे सामान्य माणसाच्या हाती पडत नसत. सैन्यासाठी वेगळे आणि लोकांसाठी वेगळे नकाशे अशी अधिकृत वाटणी २००५च्या धोरणाने झाली.

तोवर सह्याद्रीत हिंडणाऱ्यांनी आपली सोय आपण केली. गावात विचारायचं, वाटाड्या घ्यायचा, परतल्यावर मागच्यांसाठी लिहून ठेवायचं. आनंद पाळंदे यांचं ‘डोंगरयात्रा’ अशाच पायी गोळा केलेल्या माहितीचं पुस्तक. ट्रेकर मंडळींच्या सॅकमध्ये ते वर्षानुवर्षं फिरलं. कोणत्या गडावरचं टाकं पिण्याजोगं, मुक्कामाला गुहा की देऊळ, शेवटची एसटी कोणत्या गावापर्यंत, या प्रश्नांची उत्तरं ट्रेकर एकमेकांना अशीच पुरवत आले. जंगलात वाटा फुटतात तिथे दगडांवर रंगाने काढलेले बाण आजही दिसतात. ते कोणी काढले हे सहसा कळत नाही, आणि एखादा चुकीचा बाण काढणाराही कधी सापडत नाही.

मे २०००मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि शंभरेक मीटरने हुकणारं यंत्र एकदम कामाचं झालं. ब्रिटनमध्ये तेव्हा ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी खात्याचे नकाशे जनतेच्या पैशातून बनत आणि जनतेलाच परवाना घेऊन वापरावे लागत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये शिकणाऱ्या स्टीव्ह कोस्टला हे खटकलं. ऑगस्ट २००४मध्ये त्याने ओपनस्ट्रीटमॅप सुरू केलं. जीपीएस घेऊन फिरा, रेघ उमटवा, रस्त्याला नाव द्या, आणि सगळं सर्वांसाठी खुलं. मे २००६मध्ये चाळीसेक जण शनिवार-रविवार गाठून आइल ऑफ वाइट बेटावर जमले आणि पायी, सायकलने, गाडीने बेटाचे रस्ते मोजत सुटले. बार्थोलोम्यूच्या सायकलवाल्यांना ही मंडळी लगेच ओळखीची वाटली असती. फरक इतकाच की नकाशा आता कंपनीकडे जाणार नव्हता. चार वर्षांनी, एप्रिल २०१०मध्ये, ऑर्डनन्स सर्व्हेनेही आपल्या माहितीचा बराच भाग खुला केला.

२०१२मध्ये या प्रकल्पाने परवाना बदलला, तेव्हा एकेका सभासदाची संमती मागितली गेली. ज्यांनी नकार दिला किंवा उत्तरच दिलं नाही, त्यांनी काढलेले रस्ते नकाशावरून पुसले गेले. फुकट दिलेल्या श्रमाची मालकी इतक्या गांभीर्याने क्वचितच कुणी घेतली असेल.

गूगलचा मॅप मेकर त्याआधीच, २००८मध्ये आला, आणि त्याची जडणघडण झाली गूगलच्या बंगळुरू कार्यालयात. ललितेश कात्रगड्डा हे त्याच्या जनकांपैकी एक. भारतासारख्या देशाचा बरा नकाशा विकत मिळत नव्हता, म्हणून लोकांनीच तो भरावा, हा विचार. लोकांनी भरलाही, भरभरून. २००९च्या डिसेंबरात गूगलने भारतापुरती वाट सांगण्याची पद्धतही बदलली. रस्त्यांच्या नावांच्या जोडीला पेट्रोल पंप, देऊळ, चौक अशा खुणा. ‘मारुतीच्या देवळापासून डावीकडे’ हे आपल्याकडे लहान मूलही सांगतं, कंपनीला त्यासाठी संशोधन करावं लागलं! गूगलच्या २०१३च्या मॅपेथॉन या नकाशे भरण्याच्या स्पर्धेत मात्र संवेदनशील ठिकाणं नकाशावर आल्याची तक्रार सर्व्हे ऑफ इंडियाने पोलिसांत केली. पुढच्या वर्षी सीबीआयने प्राथमिक चौकशी सुरू केली. २०१५मध्ये रावळपिंडीजवळ कुणीतरी अँड्रॉइडचा रोबो अ‍ॅपलच्या बोधचिन्हावर लघवी करतोय असं चित्र नकाशात काढलं आणि मॅप मेकर काही काळ बंद ठेवावा लागला. ३१ मार्च २०१७ला तो कायमचा बंद झाला. लोकांनी घातलेली भर गूगल मॅप्सच्या पोटात राहिली. उत्साही मंडळींना ‘लोकल गाइड’ म्हणून गुण आणि पायऱ्या मिळू लागल्या, काहींना सुरुवातीला एक टेराबाइट साठवणजागाही मिळाली. बार्थोलोम्यूने निदान क्लबचं नाव नकाशावर छापलं होतं.

खुल्या नकाशाचा उपयोग कंपनीला न सुचणाऱ्या कामांना होतो, हे बर्लिनच्या व्हीलमॅपने दाखवलं. राउल क्राउटहाउझेन स्वतः व्हीलचेअर वापरतात. मित्राला भेटायचं तर नेहमी त्याच त्या कॅफेत, कारण दुसरीकडे पायऱ्या आहेत की नाही ते ठाऊक नाही. २०१०मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओपनस्ट्रीटमॅपच्या आधाराने हा नकाशा सुरू केला. आत जाता येत असेल तर हिरवी खूण, अर्धवट जमत असेल तर पिवळी, नाहीतर लाल.

भारतात फेब्रुवारी २०२१मध्ये नकाशांवरचे निर्बंध बरेच सैल झाले. ओपनस्ट्रीटमॅपवर मराठी नावं देवनागरीत घालायला वेगळा रकाना आहे. मोबाइलला रेंज नसताना चालणारी ऑर्गनिक मॅप्ससारखी अ‍ॅप्स त्यावरच चालतात, आणि सह्याद्रीत रेंज नसणं हेच नेहमीचं. तरीही जुन्या ट्रेकरांपैकी काही जण आपल्या लाडक्या जागा नकाशावर टाकायला तयार नाहीत. भिऱ्याजवळच्या देवकुंड धबधब्याचं उदाहरण समोर आहे. गर्दी इतकी वाढली आणि माणसं इतकी बुडाली की पावसाळ्यात तिथे जायलाच प्रशासनाला बंदी घालावी लागली. ज्याला जायचंय त्याने पायथ्याच्या गावात विचारावं, वाटाड्या घ्यावा, गावात चार पैसे राहतील, असं ही मंडळी म्हणतात. वाट चुकून अंधार पडल्यावर विचारायला गाव कुठून आणायचं, हा दुसऱ्या बाजूचा सवाल. यातून काही जण मधला मार्ग काढतात. टाकं नकाशावर टाकायचं, त्यातलं पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं तेही लिहायचं, आणि मुक्कामाच्या गुहेबद्दल गप्प बसायचं.