महाग पुस्तके आणि दिल्लीचा एक खटला

मुलगा कॉलेजात घालायचा ठरला की बाप आधी फी विचारतो, मग खोलीचे भाडे आणि खाणावळ. पुस्तकांचा आकडा त्याच्या हिशेबात बहुधा नसतोच. त्यात त्याची चूक नाही. शाळेत विषयाला एक पुस्तक असते. १९६७ साली आपल्याकडे ‘बालभारती’ निघाली, तेव्हापासून ते सरकारी दराने मिळते. विद्यापीठात तसे नाही. तिथे एका विषयाला वीस-तीस ग्रंथ नेमलेले असतात. एकातले तिसरे प्रकरण, दुसऱ्यातली शेवटची चाळीस पाने, असा तो अभ्यास. चाळीस पानांसाठी अख्खा ग्रंथ घ्यायचा, आणि तो ग्रंथ छापलेला असतो परदेशात.

हे दुखणे जुने आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला शिकायला गेले. शिष्यवृत्ती बेताची, घरीही पैसे पाठवायचे. त्या पैशांतून पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जुन्या बाजारातून दोन हजारांच्या आसपास पुस्तके जमवली. १९१७ मध्ये परत येताना त्यांचे सामान वेगळ्या बोटीने निघाले, आणि महायुद्धात ती बोट बुडाली. पुस्तकांबद्दल इतकी ओढ असलेल्या माणसाचे काय झाले असेल, ते आपणच ताडावे.

स्वातंत्र्यानंतर कॉलेजे वाढली, पण वरच्या वर्गांची पुस्तके इंग्रजीच राहिली, आणि बहुतेक बाहेरची. त्यात ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. ४ रुपये ७६ पैशांना पडणारा डॉलर साडेसात रुपयांवर गेला. म्हणजे दहा डॉलरचे पुस्तक काल साडेसत्तेचाळीस रुपयांना होते, ते आज पंचाहत्तरला!

त्या काळात आपल्या विद्यार्थ्यांना हात दिला तो तीन परक्या सरकारांनी. ब्रिटिश सरकारने ‘ई. एल. बी. एस.’ या शिक्क्याची स्वस्त आवृत्ती काढली. मूळ किमतीच्या सुमारे एक तृतीयांशात पुस्तक मिळे. अमेरिकेचा गहू आपण रेशनवर खाल्ला. त्या गव्हाचे पैसे रुपयांत जमा होत, आणि त्यांतला काही भाग अमेरिकन पाठ्यपुस्तके इथे स्वस्तात छापण्याकडे वळवला गेला. आणि मॉस्कोच्या ‘मीर’ प्रकाशनाची गणित-पदार्थविज्ञानाची जाड बांधणीची पुस्तके तर चार-दोन रुपयांना मिळत. यात प्रत्येकाचा स्वार्थ होता, हे उघड आहे. आपल्या शिक्क्याचे पुस्तक भारतीय पोराच्या हाती असावे ही चढाओढ होती ती. पोराला त्याचे काय? त्याचा फायदाच झाला. पण परक्याच्या मर्जीवर चाललेली सोय टिकत नाही. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला, त्याच दशकात ब्रिटिशांनीही आपली योजना आवरली, आणि मधल्या काळात गावोगाव झेरॉक्सची यंत्रे आली.

आता दिल्लीच्या खटल्याकडे वळू. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नावाचे एक लहानसे दुकान. विद्यापीठाच्या परवान्यानेच ते चाले आणि पानाचा दर ठरलेला असे : चाळीस पैसे. प्राध्यापकांनी नेमलेली प्रकरणे वेगवेगळ्या ग्रंथांतून काढून तिथे एकत्र बांधून मिळत. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दुकानावर आणि विद्यापीठावर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. ऑक्टोबरात मनाईहुकूम निघाला आणि संच बंद झाले.

प्रकाशकांची बाजू अगदीच पोकळ होती असे मी म्हणणार नाही. पुस्तक लिहायला, तपासायला, छापायला खर्च येतो. त्यांचे म्हणणे असे, की झेरॉक्सवाला धंदा करतो. त्याने परवाना घ्यावा, शुल्क भरावे. पण मौज अशी, की ज्यांची पुस्तके त्या संचांत होती, त्यांतलेच तेहेतीस लेखक २०१३ साली पुढे आले आणि त्यांनी खटला मागे घ्या असे प्रकाशकांना विनवले. अमर्त्य सेन यांनीही आपली नापसंती कळवली होती. विद्यार्थ्यांनी संघटना काढली, न्यायालयात पक्षकार म्हणून उभे राहिले.

सगळा वाद १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या एका कलमाभोवती फिरला. कलम ५२ म्हणते, की शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात नक्कल केली तर तो गुन्हा नाही. मग शिकवण्याचा ओघ कुठवर? प्रकाशक म्हणाले, वर्गाच्या चार भिंतींत. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी हे मानले नाही. आजचे शिक्षण म्हणजे एक गुरू नि एक शिष्य असे राहिलेले नाही. सबंध वर्षाचा अभ्यासक्रम त्यात येतो, विद्यापीठही येते. आपण कायदा शिकत होतो तेव्हा विद्यार्थी पाळीपाळीने ग्रंथालयात बसून प्रकरणेच्या प्रकरणे हाताने उतरवून काढत, ही आठवण त्यांनी निकालपत्रात नमूद केली आहे. हाताने उतरवणे गुन्हा नव्हते, तर तेच काम यंत्राने केल्याने गुन्हा कसा होईल? दावा फेटाळला गेला.

अपील झाले. ९ डिसेंबर २०१६ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने तत्त्व बहुतांशी तेच ठेवले. नक्कल किती पानांची हे पाहायचे नाही, ती शिकवण्याला लागते की नाही एवढेच पाहायचे, असे त्यांनी सांगितले. आणि एक शहाणपणाची गोष्ट सांगितली : नेमलेले वीस-तीस ग्रंथ विद्यार्थी कधीच विकत घेणार नव्हता, तेव्हा प्रकाशकाचे गिऱ्हाईक गेले कुठे? उलट शिकलेला माणूसच पुढे पुस्तके घेतो. मात्र त्या संचांतले प्रत्येक प्रकरण खरोखरच शिकवण्याला लागणारे होते का, हे पुराव्याने तपासावे म्हणून दावा खालच्या न्यायाधीशांकडे परत पाठवला. मनाईहुकूम मात्र दिला नाही.

ती तपासणी झालीच नाही. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा काढून घेतला. शुल्क गोळा करणाऱ्या एका संस्थेने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, तिचा अर्ज मे २०१७ मध्ये नाकारला गेला. संच पुन्हा बांधता येऊ लागले. तालुक्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या आमच्या प्राध्यापक मित्रांना हे कलम ठाऊक असते तर मुलांना चार प्रकरणे काढून देताना ते असे दबकत बोलले नसते.