खासबाग आणि पॅलेस थिएटर : करवीरनगरीचा जुळा वारसा

करवीरनगरीस 'कलापूर' हे नामाभिधान सहजासहजी लाभलेले नाही. राजाश्रय आणि लोकाश्रय यांचा संगम येथे झाला, म्हणूनच नाट्यकला व मल्लविद्या या दोहोंना बहर आला. या संगमाची साक्ष देणाऱ्या दोन वास्तू शहरात एकमेकींना लागून उभ्या राहिल्या. एक, खुल्या आकाशाखालील खासबाग मैदान. दुसरी, आज केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून ओळखले जाणारे पॅलेस थिएटर.

सन १९०२ मध्ये राजर्षी शाहू महाराज सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहण समारंभानिमित्त युरोपच्या प्रवासास गेले होते. त्या प्रवासात रोम येथील प्राचीन खुले प्रेक्षागार त्यांच्या पाहण्यात आले. हजारोंचा समुदाय असूनही अगदी मागे बसलेल्या सामान्य माणसाससुद्धा समोरचे सारे स्पष्ट दिसावे, हे त्या रचनेचे मर्म होय. स्वदेशी परतल्यावर महाराजांनी ते करवीरात प्रत्यक्षात आणले. मध्यभागी आखाडा आणि सभोवार चढत जाणारी वर्तुळाकार बैठक, अशा स्वरूपाचे खासबाग मैदान १९१२ साली सिद्ध झाले. मध्ये खांब नाही, वर छप्पर नाही. त्यामुळे कोणाची दृष्टी अडण्याचे कारणच उरले नाही.

मैदानालगतच्या नाट्यगृहाचे काम १९१३ मध्ये सुरू होऊन १९१५ मध्ये पूर्ण झाले. मल्लांच्या डावपेचांना दाद देणारे रसिक आता शेजारीच संगीत नाटकांचाही आस्वाद घेऊ लागले.

१९५७ साली या वास्तूस संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात जन्मलेल्या केशवरावांनी बालवयातच रंगभूमीवर पाऊल ठेवले आणि १९०८ साली हुबळी येथे 'ललितकलादर्श' मंडळी स्थापन केली. जुलै १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ मुंबईत झालेल्या 'संयुक्त मानापमान'च्या प्रयोगात बालगंधर्वांची भामिनी व केशवरावांचा धैर्यधर रसिकांनी डोळे भरून पाहिला. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी ते निवर्तले. पुढच्याच वर्षी महाराजांचेही देहावसान झाले. आश्रयदाता गेला, कलावंत गेला. वास्तू मात्र लोकांच्या जिव्हाळ्यावर नांदत राहिली.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, हे नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. छप्पर व रंगमंच जळून गेले. मैदानाकडील बाजूसही झळ पोहोचली. दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. त्या रात्री वास्तूसमोर जमलेल्या कलावंतांना व नागरिकांना अश्रू आवरले नाहीत. पुढे शासनाने निधी जाहीर करून पुनर्उभारणीचे काम हाती घेतले.

दगड, लाकूड आणि छप्पर द्रव्यबळावर पुन्हा उभारता येते; शतकाची स्मृती मात्र विकत मिळत नाही. जुन्या वास्तूचा अभिमान बाळगणे सोपे असते, तिची नित्य निगा राखणे कठीण. राजाश्रयाचा काळ सरल्यावर ती जबाबदारी समाजाकडे आली. पूर्वजांनी आपल्या हाती सोपविलेली प्रत्येक वास्तू ही मालकीची वस्तू नसून पुढील पिढीची ठेव आहे, ही जाण जागी राहिली तरच असा वारसा टिकेल.