शोक, स्मृती आणि संगीती : बौद्ध वाङ्मय व इतिहासातील मृत्यूचे चित्रण

मृत्यू हा प्रत्येक समाजाच्या वाङ्मयाचा विषय झालेला आहे. परंतु कोणाच्या मृत्यूची नोंद घ्यावयाची, त्या मृत्यूवर कोणी रडावयाचे आणि रडून झाल्यावर मागे राहिलेल्यांनी काय करावयाचे, या तीन प्रश्नांची उत्तरे सर्व समाजांनी सारखी दिलेली नाहीत. आपल्या महाराष्ट्रात मरणाची वर्दी परगावी पोहोचविणे आणि स्मशानात सरपण नेऊन टाकणे ही ज्यांची वंशपरंपरागत कामे ठरविली गेली, त्यांच्या स्वतःच्या घरातील मृत्यूची वर्दी इतिहासाने कोणालाही दिली नाही. म्हणून मृत्यूच्या चित्रणाचा विचार हा केवळ साहित्याचा विचार राहत नाही. तो समाजरचनेचाही विचार होतो.

बौद्ध धम्माविषयी एक आक्षेप वारंवार घेतला जातो. सर्व संस्कार अनित्य आहेत असे सांगणाऱ्या धम्मात शोकाला स्थान नाही, तो माणसाला कोरडे बनवितो, असे आक्षेपक म्हणतात. दुर्दैवाने आपल्याही काही शोकसभांतून अनित्यतेची गाथा अशा रीतीने सांगितली जाते की, जणू काही तिने रडणाऱ्याचे तोंड बंद करावयाचे आहे. मूळ पालि वाङ्मय आणि इतिहासाचे अवशेष याविषयी काय सांगतात, ते पाहणे अगत्याचे आहे.

दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्तात तथागतांच्या अखेरच्या प्रवासाचे सविस्तर वर्णन आहे. कुसिनारा येथे तथागत शालवृक्षांच्या जोडीमध्ये पहुडलेले असताना आनंद तेथून निघून जातो आणि विहाराच्या दाराची चौकट धरून रडू लागतो. आपण अजून शिकणारे आहोत, आपले पुष्कळ करावयाचे राहिले आहे आणि आपल्यावर अनुकंपा करणारे शास्ता निघून चालले आहेत, हे त्याचे दुःख आहे. आनंद दिसत नाही असे पाहून तथागत त्याला बोलावून घेतात. जे उत्पन्न झाले ते नष्ट होणारच, याची ते त्याला आठवण देतात. पण तेवढ्यावर थांबत नाहीत. आनंदाने कायेने, वाचेने आणि मनाने दीर्घकाळ केलेल्या मैत्रीपूर्ण सेवेचा ते सर्वांसमक्ष गौरव करतात आणि उरलेला मार्ग लवकरच पूर्ण होईल, असा त्याला विश्वास देतात. मृत्युशय्येवरील शास्ता रडणाऱ्या शिष्याचे सांत्वन करीत आहे, हे दृश्य कोरडेपणाचे खचितच नाही.

याच सुत्तात पुढे दुसरे एक पात्र येते. महाकाश्यप आपल्या भिक्खूंसह कुसिनाऱ्याच्या वाटेवर असताना त्यांना परिनिर्वाणाची वार्ता कळते. काही भिक्खू हात उंचावून आक्रोश करतात. त्या वेळी वृद्धापकाळी प्रव्रजित झालेला सुभद्र नावाचा एक भिक्खू त्यांना म्हणतो की, आता रडू नका. हे करा, ते करू नका असे सांगणारा महाश्रमण गेला, आता आपल्याला हवे तसे वागता येईल. या प्रसंगात ‘रडू नका’ हे शब्द दोन तोंडून येतात. तथागतांच्या तोंडी त्यांच्यामागे करुणा आहे. सुभद्राच्या तोंडी सुटकेचा आनंद आहे. त्याला शोक झाला नाही, कारण काही गमावले आहे असे त्याला वाटलेच नाही. शोकाचा अभाव म्हणजे प्रज्ञा नव्हे, हे सुत्तकारांनी इतक्या स्पष्टपणे दाखवून ठेवले आहे.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गाप्रमाणे सुभद्राचे हेच उद्गार पहिल्या संगीतीचे निमित्त झाले. धम्म आणि विनय विस्कळीत होण्यापूर्वी त्यांचे एकत्र पठण करावे, असा प्रस्ताव महाकाश्यपांनी मांडला. राजगृह येथे ५०० भिक्खू जमले. विनय उपालीने सांगितला आणि धम्म सांगितला तो आनंदाने. सुत्तांच्या आरंभी ‘असे मी ऐकले’ म्हणणारा तो ‘मी’ परंपरेप्रमाणे आनंद होय. दाराची चौकट धरून रडणारा माणूस आणि तथागतांची वचने पुढील पिढ्यांच्या हाती सोपविणारा माणूस एकच आहे. आपले सुत्तवाङ्मय एका महान वियोगातून संग्रहित झाले आहे. शोकाला स्मृतीचे आणि स्मृतीला सामुदायिक कार्याचे रूप देणे, ही बौद्ध परंपरेची मृत्यूला उत्तर देण्याची रीत आहे.

याच संगीतीत आनंदावर काही दोषारोप ठेवण्यात आले. त्यांपैकी एक असा की, तथागतांच्या पार्थिव देहाला त्याने प्रथम स्त्रियांना वंदन करू दिले आणि त्यांच्या अश्रूंनी तो देह मलिन झाला. स्त्रियांना तेथे अवेळी थांबावे लागू नये म्हणून आपण तसे केले, यात आपल्याला दोष दिसत नाही. तथापि संघावरील श्रद्धेपोटी आपण तो मान्य करतो, असे उत्तर आनंदाने दिले. शोक करण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद इतका जुना आहे. परंपरेने आरोपही नोंदविला आणि आनंदाचे उत्तरही नोंदविले, हे तिच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानले पाहिजे.

स्वतः तथागतांनाही वियोग जाणवला. संयुत्तनिकायातील उक्कचेल सुत्तात सारिपुत्त व मोग्गल्लान यांच्या परिनिर्वाणानंतर गंगेकाठी बसलेल्या संघाकडे पाहून तथागत म्हणतात की, हे दोघे नसल्याने ही परिषद आपल्याला रिकामी भासते. ते शोकग्रस्त होत नाहीत. परंतु रिकामी जागा रिकामी आहे, हे सांगायला ते कचरत नाहीत. त्याच्याच अलीकडील चुंद सुत्तात सारिपुत्ताचे पात्र व चीवर घेऊन आलेल्या चुंदाला पाहून आनंदाचे भान हरपते. तेव्हा तथागत त्याला विचारतात की, सारिपुत्ताने जाताना शील, समाधी आणि प्रज्ञा ही बरोबर नेली काय? गेलेल्या माणसाचे काय मागे उरते, याचा शोध घ्यावयास लावणारा हा प्रश्न आहे.

किसा गोतमीची कथा आपल्या प्रत्येक विहारात सांगितली जाते. मृत बालकाला कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या या मातेला, ज्या घरात कोणी मेलेले नाही अशा घरातून मोहरी आणण्यास तथागत सांगतात. मोहरीचा हा प्रसंग मूळ थेरीगाथेत नसून नंतरच्या अट्ठकथांमध्ये आलेला आहे. थेरीगाथेतील किसा गोतमीच्या नावावरील गाथा सन्मित्राची महती सांगून स्त्रीजन्माच्या दुःखांविषयी बोलतात. अट्ठकथेनुसार ती दरिद्री कुळातील होती, सासरी तिची अवहेलना होत असे आणि पुत्र झाल्यावरच तिला मान मिळाला. बालकाबरोबर तिने आपले माणूसपणही गमावले होते, हे ध्यानात घेतल्याशिवाय तिच्या वेडाचा अर्थ लागत नाही. तथागतांनी तिला उपदेश ऐकविण्याआधी घरोघर पाठविले. प्रत्येक उंबरठ्यावर तिला दुसऱ्याचे दुःख ऐकावे लागले आणि प्रत्येक घराला तिचे दुःख दिसले. पती, मुले, आईवडील व भाऊ गमावलेली पटाचारा, जीवा या मुलीसाठी स्मशानात रडणारी उब्बिरी, पुत्रशोकाने भ्रमिष्ट झालेली वासेट्ठी, अशा स्त्रियांची नावे आणि त्यांचे अनुभव थेरीगाथेने जतन केले. सामान्य घरातील मातेचा शोक हा धर्मग्रंथाचा विषय होऊ शकतो, हे या ग्रंथाने सिद्ध केले.

तथापि येथे एक भेद करावा लागतो. मृत्यू सर्वांना येतो, हे खरे. मारले जाणे मात्र सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाही. धम्मपद-अट्ठकथेतील विडूडभाची कथा या दृष्टीने वाचली पाहिजे. कोसलराजा पसेनदीला शाक्यांनी कुलाभिमानापायी दासीकन्या वासभखत्तिया राजकन्या म्हणून दिली. तिचा पुत्र विडूडभ आजोळी जाऊन परतला, तेव्हा त्याने बसलेले आसन दुधपाण्याने धुण्यात आले. या अपमानाच्या सूडातून पुढे शाक्यांचा संहार झाला. सैन्य निघाले तेव्हा तथागत शाक्यांच्या सीमेवरील एका विरळ छायेच्या झाडाखाली जाऊन बसले. दाट छायेचे झाड सोडून येथे का बसलात, असे विडूडभाने विचारले असता, आप्तांची छाया शीतल असते, असे त्यांनी उत्तर दिले. तीन वेळा त्याला परत फिरावे लागले. चौथ्या वेळी संहार टळला नाही. जन्मावरून माणसाला हीन लेखण्याचा परिणाम किती भयंकर होतो, हे सांगणारी ही कथा आहे. तथागतांनी येथे संहाराच्या वाटेवर बसून तो रोखण्याचा प्रयत्न केला. माणसांनी घडविलेल्या मृत्यूपुढे अनित्यतेचा उपदेश पुरेसा नसतो.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच भेद ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात वेगळ्या अंगाने मांडला आहे. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही पारंपरिक उपपत्ती त्यांनी नाकारली. २९ वर्षांच्या माणसाने तोवर मृत्यू पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटणारे नाही. त्याऐवजी रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात उद्भवलेला संघर्ष त्यांनी गृहत्यागाच्या मुळाशी ठेवला. मृत्यूच्या भयाऐवजी युद्धाचा विरोध तेथे आला आणि धम्माचा रोख माणसामाणसांतील दुःखाकडे वळला. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबाराने १० जणांचे प्राण घेतले, ते केवळ जीवनाचे अनित्यत्व होते असे कोणी म्हणेल, तर तो धम्माचा विपर्यास होईल.

वाङ्मयाप्रमाणेच पाषाणानेही ही स्मृती जपली आहे. मळवलीजवळील भाजे लेण्यांत १४ लहान स्तूपांचा समूह आहे. त्यांतील काहींवर धम्मगिरी, संघदिन अशी थेरांची नावे कोरलेली आहेत. ते राजे नव्हते; परंतु सह्याद्रीच्या कड्यात त्यांची नावे दोन हजारांहून अधिक वर्षे टिकली. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यात महापरिनिर्वाणाचे सुमारे ७ मीटर लांबीचे शिल्प आहे. शय्येखाली शोकमग्न शिष्यांची रांग आहे. कोणी हातावर मस्तक टेकले आहे, कोणी खाली मान घातली आहे. शिल्पकाराला शिष्यांचा शोक लपवावासा वाटला नाही. या लेण्यातील शिलालेखानुसार बुद्धभद्र नावाच्या भिक्खूने ते अश्मकांचा मंत्री भव्विराज आणि आपले मातापिता यांच्या निमित्ताने करविले. पाचव्या शतकातील हे भव्य चैत्य म्हणजे एका मित्राने आपल्या मित्राचे जपलेले स्मरण होय.

सांची येथील तिसऱ्या स्तूपात १८५१ साली कनिंगहॅम व मेसी यांना सारिपुत्त व महामोग्गल्लान यांची नावे असलेल्या अस्थिमंजूषा मिळाल्या. त्या अस्थी लंडनला गेल्या आणि स्वातंत्र्यानंतर भारतात परत येऊन १९५२ साली सांचीच्या नव्या विहारात प्रतिष्ठित झाल्या. ज्यांच्या जाण्याने परिषद रिकामी भासली, त्यांची नावे दगडाने सांभाळली म्हणूनच त्यांना ओळखता आले.

आपल्या काळाकडे वळू. बाबासाहेबांच्या पाच अपत्यांपैकी चार बालपणीच गेली. राजरत्नाचा मृत्यू १९२६ सालचा. २७ मे १९३५ रोजी माता रमाई गेल्या. १९४० साली प्रसिद्ध झालेला ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. राज्यशास्त्राच्या एका गंभीर ग्रंथाच्या पहिल्या पानावर दारिद्र्यात साथ देणाऱ्या पत्नीचे स्मरण आहे. शोक त्यांनी नाकारला नाही आणि त्यापायी कार्यही सोडले नाही.

नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर अवघ्या ५३ दिवसांनी, ६ डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर लोटलेला जनसागर आक्रोश करीत होता. मुंबईत दीक्षा समारंभ घेण्याचा बाबासाहेबांचा मनोदय होता; तो त्यांच्या चितेसमोर पूर्ण झाला. भदंत आनंद कौसल्यायन यांनी तेथे एक लाखांहून अधिक लोकांना धम्मदीक्षा दिली. राजगृहाच्या संगीतीत शोकातून धम्माचे पठण झाले, तर चौपाटीवर शोकातून धम्माचा स्वीकार झाला. डोळ्यांत अश्रू असतानाच त्या लोकांनी त्रिशरण उच्चारले. अश्रू आणि शरणगमन यांत त्यांना विरोध वाटला नाही, कारण तो नव्हताच.

हे सारे आज सांगण्याचे कारण आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर उभे राहिलेले उपासक-उपासिका आता आपल्यात फार थोडे उरले आहेत. वस्तीवस्तीतून त्यांच्या शोकसभा होतात, गाथा म्हटल्या जातात, पुण्यानुमोदन होते आणि लोक घरी जातात. परंतु नागपूरला ते कसे गेले, भाकरी कोणी बांधून दिली, परत आल्यावर गावाने त्यांना कसे वागविले, देव्हाऱ्यातले देव कोणत्या विहिरीत सोडले, हे त्यांच्याबरोबरच जाते. भाजे येथील थेरांना स्तूप मिळाले, उब्बिरीला थेरीगाथेत स्थान मिळाले. आपल्या आजीला एक वही तरी मिळावयास नको काय?

प्रत्येक विहाराने अशी एक नोंदवही ठेवावी. शोकसभेत प्रथम त्या व्यक्तीचे आयुष्य सांगितले जावे, ते लिहून घ्यावे आणि मग अनित्यतेची गाथा म्हणावी. ज्यांचा मृत्यू अन्यायाने घडला, त्यांच्या नावापुढे तो अन्यायही लिहावा. रडणाऱ्याला रडू द्यावे आणि नंतर आनंदाप्रमाणे त्याला विचारावे की, तू काय ऐकलेस? त्याचे उत्तर हीच आपली संगीती होय.