सनद आणि नोंदवही

विराटपर्वांतील बृहन्नडेची कथा आपल्या घरांतील लहान मुलांनाहि ठाऊक असते. ही बृहन्नडा म्हणजे अर्जुन, हें विराटाला माहीत नव्हतें; तरी त्यानें तिला अंतःपुरांत आश्रय दिला व आपली कन्या उत्तरा नृत्यगायन शिकण्यासाठीं तिच्या स्वाधीन केली. परंतु पुढें राजपुत्र उत्तराच्या विजयाचें श्रेय कंकानें बृहन्नडेला दिलें, तेव्हां त्याच राजानें संतापून कंकाच्या तोंडावर फांसा फेकून मारला. आश्रय द्यावयास हरकत नाहीं, बरोबरी मात्र नको, ही मनोवृत्ति किती जुनी आहे हें यावरून दिसतें.

मराठी राजवटींत हिजड्यांची स्थिति कांहींशी अशीच होती. त्यांतील कित्येकांना रोख नेमणुका व जमिनी मिळाल्या होत्या. भिक्षा मागण्याचा त्यांचा हक्क सरकारानें मान्य केला होता. आणि हें सर्व गुरूकडून चेल्याकडे परंपरेनें चालत असे. समाजाच्या पंक्तींत त्यांचें पान शेवटचें होतें खरें, पण पान होतें. इंग्रजी अंमल बसल्यावर मुंबई सरकारनें भिक्षेचा हा हक्क पुढें चालविण्याचें नाकारलें.

उत्तर हिंदुस्थानांत तर याहून कठोर पाऊल पडलें. १८७१ सालच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा दुसरा भाग केवळ या लोकांसाठीं होता. संशयितांची नोंदवही ठेवावी. नोंदलेला मनुष्य स्त्रीवेषानें रस्त्यांत दिसला किंवा त्यानें लोकांपुढें नाच केला, वाद्य वाजविलें, तर त्याला वॉरंटावांचून पकडावें व दोन वर्षांपर्यंत कैद द्यावी. त्याला दत्तक घेतां येऊं नये, मृत्युपत्रहि करतां येऊं नये. ज्या कलेवर पोट चालावयाचें तीच अपराध ठरली, आणि गुरूचें संचित चेल्याला मिळण्याची वाट बुजली. आधीं उपजीविका हिरावून घ्यावयाची आणि मग भीक मागतात म्हणून नांवें ठेवावयाचीं, हा कोठला न्याय?

हैदराबाद संस्थानांतील अशाच तऱ्हेचा १९१९ सालचा कायदा तेलंगण उच्च न्यायालयानें अगदीं अलीकडे, २०२३ सालीं, रद्दबातल ठरविला. त्यापूर्वी १५ एप्रिल २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. २०११ च्या खानेसुमारींत स्त्री व पुरुष यांखेरीज ‘इतर’ म्हणून ४,८७,८०३ जणांची नोंद झाली होती. हीं सारीं माणसें कोणत्या ना कोणत्या घरांतच जन्मलीं. त्यांतील पुष्कळांना स्वतःच्या घराचें दार लागल्यामुळेंच गुरूचें घर शोधावें लागलें. तें दार उघडण्याचा हुकूम कोणतेंहि न्यायालय देऊं शकत नाहीं; तें आपल्यालाच उघडलें पाहिजे.

बृहन्नडा म्हणजे अर्जुन हें कळल्यावर विराटानें त्याला आपली कन्या देऊं केली. पण ती अर्जुन नसती, केवळ बृहन्नडाच असती, तर? मुलांना ही कथा सांगतांना हा प्रश्नहि आपण त्यांच्यापुढें ठेवावा, आणि उत्तर प्रथम स्वतः द्यावें.