चार दिवसांचा डायव्हर आणि हट्ट्याची विहीर

मी हट्ट्याचा. आमच्याकडे समुद्र नाही. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. त्यातच अख्खा उन्हाळा गेला. आणि सर्टिफाइड स्कुबा डायव्हर व्हायला? साधारण तीन-चार दिवस!

१९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी ॲक्वालंग बनवलं. सुरुवातीचं प्रशिक्षण लष्करी वळणाचं, लांबलचक. १९६६ मध्ये अमेरिकेत 'पॅडी' निघाली आणि शिकण्याचे छोटे टप्पे पडले: थिअरी, पूलमध्ये सराव, मग खुल्या पाण्यात चार डाइव्ह. तेव्हा १८ मीटरपर्यंतचं सर्टिफिकेट.

मालवणला टुरिस्ट म्हणून मारलेली डुबकी यात मोजत नाहीत; तिथे इन्स्ट्रक्टरने आपल्याला धरलेलं असतं.

पण कोर्समध्ये एक अट आहे: २०० मीटर पोहायचं, दहा मिनिटं तरंगायचं. म्हणजे बघा, चार दिवसांच्या आधी माझा तो उन्हाळाही धरावाच लागतो!