शिकाऊ डॉक्टर आणि गरोदर माता : थोडा इतिहास, थोडा सल्ला

मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात नाव घातलेल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या सासवा हमखास विचारतात, "डॉक्टर, शिकणारी मुलं पोट तपासतात. बाळाला काही होणार नाही ना? नाही म्हटलं तर चालेल का?" आपल्या चिपळूण तालुक्यात सावर्डे येथे वालावलकर ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे हा प्रश्न आता घरचाच झाला आहे. उत्तर समजायला थोडं मागे जाऊ.

एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात गरीब स्त्रियांचं बाळंतपण फुकट होई. मोबदल्यात त्यांच्यावर शिकवलं जाई. एका विभागात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली विद्यार्थ्यांच्या विभागात शंभरातल्या ११ हून अधिक बाळंतिणी दगावल्या, सुइणींच्या विभागात तीनहून कमी. बायका पहिल्या विभागात नको म्हणून हातापाया पडत. डॉ. सेमेलवाइस यांनी कारण शोधलं. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिकक्षात येत आणि आतून तपासणी करत. १८४७ च्या मे महिन्यात त्यांनी क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. १८४८ साली दोन्ही विभागांतला फरक जवळजवळ मिटला. म्हणजे दोष शिकण्यात नव्हता, न धुतलेल्या हातांत होता.

आता नाण्याची दुसरी बाजू. आपल्याकडे पुरुष डॉक्टरकडून तपासून घ्यायला स्त्रिया तयार नसत आणि स्त्री डॉक्टर जवळजवळ नव्हत्याच. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांचं पहिलं बाळ दहा दिवसांतच गेलं. १८८३ साली अमेरिकेला जाण्यापूर्वी श्रीरामपूर (बंगाल) येथील भाषणात त्यांनी सांगितलं, की इथले सुईणपणाचे वर्ग अपुरे आहेत. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून त्या एम.डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषयही प्रसूतिशास्त्रच होता. त्याच वर्षी मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झालं. पुढे डॉ. रखमाबाईंसारख्या डॉक्टर तिथे काम करू लागल्या. पण कुठल्याही पिढीचा डॉक्टर नुसत्या पुस्तकावर तयार होत नाही. कुणीतरी माता त्याला शिकू देते, तेव्हाच तो घडतो.

व्हिएन्नातल्या त्या स्त्रियांना कुणी विचारलं नव्हतं. तुम्हाला मात्र विचारलंच पाहिजे. फरक एवढाच, पण फार मोठा.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा.

पोटावरून तपासणी, टेपने गर्भपिशवीची उंची मोजणे, बाळाचे ठोके ऐकणे यांत बाळाला धोका नाही. २४ आठवड्यांनंतर ही उंची सेंटीमीटरमध्ये साधारण आठवड्यांइतकी भरते. हे हाताला कळायला अनेक पोटं तपासावी लागतात. तुम्ही यात मोठी मदत करू शकता.

आतून तपासणी ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यासाठी वेगळी परवानगी हवी. कळा सुरू असताना ती साधारण चार तासांनी एकदा पुरते, गरज असेल तर आधी. एकामागून एक अनेकांनी करू नये, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

विद्यार्थी कोण, किती जण, काय करणार आणि वरिष्ठ डॉक्टर सोबत आहेत का, हे विचारा. हात धुतले का, हेही विचारा. पुरुष विद्यार्थी असेल तर स्त्री परिचारिका किंवा आपलं माणूस सोबत मागा. तो तुमचा हक्क आहे.

"आज नको" म्हणायला कारण द्यावं लागत नाही. होकार दिल्यावरही मध्येच थांबवता येतं. त्यामुळे तुमच्या उपचारांत काडीचाही फरक पडता कामा नये.

आणि मन तयार असेल, तर जरूर हो म्हणा. उद्या कोकणातल्या एखाद्या आडगावी, भर पावसात, रात्री-अपरात्री एखादी बाई अडेल. तेव्हा तिच्याजवळचा डॉक्टर बाळ आडवं आहे हे हातानेच ओळखेल आणि तिला वेळेवर पुढे पाठवेल. ते ओळखणं त्याला तुमच्यासारख्या एखाद्या आईनेच शिकवलेलं असेल.