हळदीची मालकी

मैत्रिणींनो, जखमेवर हळद दाबायची, मुका मार लागला की हळदीचा गरम लेप लावायचा, हे आपल्याला आजीने शिकवलं. तिला कुणी शिकवलं, ते कुठे लिहिलेलं नाही. १९९५ साली नेमकं हेच आपल्याला नडलं.

त्या वर्षी अमेरिकेत हळदीने जखम भरण्यावर पेटंट दिलं गेलं. पेटंट म्हणजे शोधाची मालकी. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं. परिषदेचे प्रमुख तेव्हा गोव्यात जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर होते. 'आमच्याकडे घरोघरी हे ठाऊक आहे' एवढं सांगून तिथे भागत नव्हतं. तिथला कायदा छापील पुरावा मागत होता. परिषदेने ३२ संदर्भ पुढे ठेवले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते आणि १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला एक लेखही होता. १९९७ साली पेटंट रद्द झालं.

हळदीतलं कर्क्युमिन १८१५ सालीच वेगळं काढलं गेलं होतं. प्रयोगशाळेत ते सूज कमी करताना दिसतं, पण पोटात घेतलं तर रक्तात फार थोडं उतरतं. त्यामुळे त्यावर संशोधन अजून चालू आहे. खोल जखमेला मात्र दवाखानाच गाठायचा.

ही लढाई छापील कागदामुळे जिंकता आली. आपल्या आज्यांची झाडपाल्याची औषधं अजून तोंडीच आहेत. आपण गावागावांत एक वही करूया: झाडाचं नाव, कोणता भाग, कशावर उपाय. आणि सांगणारीचं नाव लिहायला विसरायचं नाही.